संगणकीय आज्ञावलींचे परवाने व त्यांचे स्थलांतर

१. प्रश्नाचे स्वरूप

वडगाव रासाई हे शिरूर तालुक्यातील भीमाकाठचे गाव. नदी ओलांडली की दौंड तालुक्याची हद्द लागते. ऊस, दूध आणि सहकार यांवर ज्या पट्ट्याचे अर्थजीवन उभे आहे, त्यातील हे एक. अशा गावांतील विकास सोसायट्या, दूधसंस्था व पतसंस्था यांची कीर्द-खतावणी पूर्वी लाल कापडाच्या बांधणीच्या वह्यांत होत असे. आता ती बहुतांशी संगणकावर होते. उदाहरणादाखल अशी कल्पना करावी की, अशा एका संस्थेचा संगणक जुना झाला, चिटणिसाने नवा विकत आणला, आणि जुन्या यंत्रावरील हिशेबाची आज्ञावली जशीच्या तशी नव्यावर उतरवून घेतली. आज्ञावली उघडली, परंतु काम करू देईना. ‘या यंत्रास परवाना नाही’ एवढेच उत्तर पडद्यावर उमटले. मार्चअखेर जवळ आलेली, लेखापरीक्षक यावयाचे, आणि सभासदांच्या ठेवींचा हिशेब आत अडकून पडलेला. चिटणिसाचा प्रश्न साधा असतो : ‘पैसे मोजून जी वस्तू घेतली, ती या टेबलावरून त्या टेबलावर का नेता येऊ नये?’

हा प्रश्न केवळ खेड्यातील संस्थेचा नाही. विद्यापीठातील प्रयोगशाळा, ग्रंथालये आणि संशोधक विद्यार्थी यांनाही तो त्याच स्वरूपात भेडसावतो. त्याचे उत्तर तंत्रविद्येत जेवढे आहे, तेवढेच कायद्यात आहे. आणि या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच बहुतेक अडचणी उद्भवतात. प्रस्तुत लेखात प्रथम परवाना म्हणजे नेमके काय याचा, नंतर त्याच्या प्रकारांचा, आणि शेवटी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर तो नेण्याच्या रीतीचा विचार करावयाचा आहे. व्यवहारात ‘सॉफ्टवेअर’ आणि ‘लायसन्स’ हे शब्द रूढ आहेत. येथे त्यांच्यासाठी अनुक्रमे ‘आज्ञावली’ व ‘परवाना’ हे शब्द योजिले आहेत.

२. मालकी व परवाना

या विषयाची गुरुकिल्ली मालकी आणि परवाना यांतील भेदात आहे, आणि हा भेद महाराष्ट्रातील वाचकाला मुळीच अपरिचित नाही. पुण्यात जागा भाड्याने देताना जो करार सर्रास केला जातो, तो भाडेपट्ट्याचा नसून ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या ५२ व्या कलमात परवान्याची जी व्याख्या आहे तिचा मथितार्थ असा की, जी गोष्ट परवानगीवाचून करणे बेकायदेशीर ठरले असते, ती करण्याची मुभा म्हणजे परवाना. त्या मालमत्तेत परवानाधारकाचा कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. त्याच अधिनियमाचे ५६ वे कलम सांगते की, करमणुकीच्या सार्वजनिक स्थळी प्रवेश करण्याचा परवाना सोडला, तर सर्वसाधारणपणे परवाना दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. हा कायदा स्थावर मालमत्तेसंबंधीचा आहे, आज्ञावलींसंबंधीचा नव्हे. तथापि परवान्याच्या कल्पनेचा गाभा दोन्हीकडे एकच आहे.

जमिनीच्या व्यवहारातील दुसरा दाखला याहून बोलका आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या २९ व्या कलमान्वये भोगवटादारांचे वर्ग पाडले आहेत. वर्ग १ चा भोगवटादार जमीन कायमची धारण करतो आणि तिच्या हस्तांतरणावर त्याला बंधन नसते. वर्ग २ चा भोगवटादारही जमीन कायमचीच धारण करतो, परंतु हस्तांतरणाच्या हक्कावर निर्बंध असतात. सातबाऱ्यावरील या एका नोंदीमुळे जमिनीचा व्यवहार कसा अडतो, हे कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. धारणा कायमची असणे आणि हस्तांतरण मुक्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कायमचा परवाना’ या शब्दांनी फसणाऱ्या ग्राहकाने नेमके हेच ध्यानात घ्यावयास हवे : परवाना कायमचा असूनही तो दुसऱ्या यंत्रावर अथवा दुसऱ्या व्यक्तीकडे नेता न येणारा असू शकतो.

भारतात आज्ञावलीवरील हक्काचा आधार प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ हा आहे. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावलीचा समावेश ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत करण्यात आला आणि १९९४ च्या दुरुस्तीने तिची स्वतंत्र व्याख्या व तत्संबंधीचे हक्क स्पष्ट झाले. कायद्याच्या दृष्टीने हिशेबाची आज्ञावली आणि कादंबरी या एकाच वर्गात मोडतात. परंतु दोहोंत एक व्यावहारिक अंतर आहे. कादंबरी वाचण्यासाठी तिची नक्कल करावी लागत नाही; आज्ञावली मात्र यंत्राच्या स्मृतीत उतरल्याखेरीज चालूच शकत नाही. म्हणजे तिचा प्रत्येक वापर हा एका अर्थी नक्कल असतो, आणि नकलेचा हक्क कर्त्याचा असल्यामुळे वापरासाठीही परवानगी आवश्यक ठरते. परवान्याचा सारा डोलारा या एका वस्तुस्थितीवर उभा आहे.

प्रत आणि प्रतिलिप्यधिकार यांतील अंतर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रसंगी विशद केले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात २००४ साली न्यायालयाने असे ठरविले की, तयार स्वरूपात बाजारात विकली जाणारी आज्ञावली ही विक्रीकराच्या दृष्टीने ‘माल’ आहे. पुढे २ मार्च २०२१ रोजी इंजिनीअरिंग ॲनॅलिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या खटल्यात, अशा प्रतीसाठी परदेशी पुरवठादाराला दिलेली रक्कम ही प्रतिलिप्यधिकाराच्या वापराबद्दलचे स्वामित्वशुल्क नव्हे, असा निर्णय झाला. कारण अंतिम वापरकर्त्याला मिळतो तो मर्यादित वापराचा परवाना, प्रतिलिप्यधिकारातील अंश नव्हे. दोन्ही खटले कराविषयीचे होते. पण चिटणिसाने नेमके काय विकत घेतले, याचे उत्तर त्यांतून मिळते. त्याने एक प्रत घेतली, आणि ती ठरावीक अटींवर चालविण्याची मुभा घेतली.

३. परवान्यांचे प्रकार

आज्ञावली स्वतंत्रपणे विकण्याची प्रथा फार जुनी नाही. आरंभीच्या काळात ती यंत्राबरोबरच येत असे. जून १९६९ मध्ये आयबीएम या कंपनीने यंत्र, आज्ञावली व सेवा यांचे दर वेगळे करण्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर आज्ञावली ही स्वतंत्र व्यापाराची वस्तू बनत गेली. व्यापार वाढला तसे परवान्याचे प्रकारही वाढले. त्यांची नावे कंपनीगणिक निराळी असली, तरी तीन प्रश्न विचारले असता त्यांचे वर्गीकरण सुलभ होते : परवाना कशाशी बांधलेला आहे? किती काळासाठी आहे? आणि नकलेची व बदलाची मोकळीक कितपत आहे?

पहिल्या प्रश्नानुसार चार प्रकार पडतात. यंत्राशी जखडलेला परवाना हा पहिला. नव्या संगणकाबरोबर आधीच बसवून येणारी विंडोज ही कार्यप्रणाली बहुधा या प्रकारची असते. तो परवाना त्या यंत्राबरोबरच जगतो आणि यंत्राबरोबरच संपतो. यंत्र विकले तर तो त्यासोबत जातो, एरवी नाही. हीच प्रणाली दुकानातून स्वतंत्रपणे घेतली तर मात्र जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर बसविण्याची मुभा असते. वस्तू तीच, परंतु परवाना वेगळा, आणि किमतीतील तफावतीचे एक कारणही हेच. दुसरा प्रकार व्यक्तीशी बांधलेला परवाना. येथे यंत्र कोणते हे गौण असून नामनिर्देश झालेली व्यक्ती कोण हे महत्त्वाचे. तिसरा प्रकार एककालिक वापराचा, ज्याला ‘तरंगता’ परवाना म्हणतात. ग्रंथालयात एका ग्रंथाच्या पाच प्रती असल्या, तर सभासद पाचशे असूनही एका वेळी पाचच जणांना तो घरी नेता येतो, तसेच हे. एका मध्यवर्ती यंत्रावर परवान्यांची नोंद राहते, वापरकर्ता एक परवाना उचलतो व काम संपल्यावर परत करतो. गणित व संख्याशास्त्राच्या महागड्या आज्ञावली विद्यापीठांत अनेकदा या रीतीने घेतल्या जातात. चौथा प्रकार संस्थेचा अथवा परिसराचा सामूहिक परवाना. यात यंत्रांची वा सदस्यांची संख्या ठरवून एकच करार केला जातो.

कालावधीच्या दृष्टीने परवाने दोन प्रकारचे : कायमचे आणि मुदतीचे. गेल्या काही वर्षांत व्यापाराचा कल दुसऱ्याकडे झुकला आहे. ॲडोबी कंपनीने मे २०१३ मध्ये आपल्या प्रमुख आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीनेच मिळतील असे जाहीर केले. ऑटोडेस्कनेही २०१६ मध्ये नवे कायमचे परवाने विकणे थांबविले. वर्गणीच्या परवान्यात स्थलांतर सोपे होते, कारण परवाना व्यक्तीच्या खात्याशी निगडित असतो. पण या सोयीचे मोल असे की, वर्गणी थांबली की वापरही थांबतो. खंडाने कसलेल्या शेतासारखी ही स्थिती आहे : पीक आपले, जमीन दुसऱ्याची.

तिसऱ्या प्रश्नानुसार बंदिस्त व मुक्त असे दोन वर्ग होतात. मुक्त परवान्यांची चळवळ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पापासून सुरू झाली. ग्नू सार्वजनिक परवान्याची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये, दुसरी १९९१ मध्ये आणि तिसरी २००७ मध्ये निघाली. या परवान्याने वापर, अभ्यास, बदल व वितरण या चारही गोष्टींची मोकळीक मिळते. अट एवढीच की, पुढे वितरण करताना तीच मोकळीक दुसऱ्यालाही दिली पाहिजे. येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. मुक्त आज्ञावली म्हणजे बेवारस आज्ञावली नव्हे. तिच्यावरही प्रतिलिप्यधिकार असतो; किंबहुना त्या अधिकाराच्या बळावरच कर्ता आपली अट अमलात आणू शकतो. याउलट फुकट मिळणारी प्रत्येक आज्ञावली मुक्त असतेच असेही नाही. पुष्कळदा मूल्य नसते, पण बदलाची वा वितरणाची मनाईही असते.

४. स्थलांतराची रीत

परवाना एका यंत्राशी बांधावयाचा तर यंत्राची ओळख पटली पाहिजे. यासाठी पूर्वीपासून चालत आलेला उपाय म्हणजे यांत्रिक कुलूप. महाराष्ट्रातील छापखान्यांत व डीटीपीच्या दुकानांत ‘लॉक’ किंवा ‘डोंगल’ या नावाने ते ओळखले जाई. मुद्रकयंत्राच्या खोबणीत ही लहानशी वस्तू बसविल्याखेरीज आज्ञावली चालत नसे. स्थलांतराच्या दृष्टीने ही रीत सर्वांत सरळ होती : कुलूप काढावे, दुसऱ्या यंत्राला लावावे, काम संपले. पण तिचा धोकाही तितकाच उघड होता. कुलूप हरवले, जळले, किंवा नव्या संगणकांवर ती खोबणीच उरली नाही, की परवाना कागदावर शाबूत असूनही निरुपयोगी ठरे.

दुसरा उपाय सक्रियीकरणाचा. विंडोज एक्सपी या २००१ च्या आवृत्तीपासून तो सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला. यात आज्ञावली यंत्राच्या घटकांवरून, म्हणजे मुख्य फलक, तबकडी, जाळ्याशी जोडणारे कार्ड इत्यादींच्या क्रमांकांवरून, एक ठसा तयार करते आणि तो कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहिला जातो. ठसा जुळला तर परवाना वैध. नव्या यंत्राचा ठसा वेगळा असतो. म्हणूनच आज्ञावलीची नक्कल केल्याने परवान्याची नक्कल होत नाही. वर उल्लेखिलेल्या चिटणिसाच्या अडचणीचे मूळ येथे आहे. मुख्य फलक बदलला तर जुने यंत्रही काही वेळा ‘नवे’ ठरते, याचेही कारण हेच.

यावरून स्थलांतराचा क्रम आपोआप निघतो. प्रथम माहितीची वेगळी प्रत काढून ठेवावी. नंतर जुन्या यंत्रावरील परवाना रीतसर परत करावा. टॅलीसारख्या हिशेबाच्या आज्ञावलीत या क्रियेला ‘सरेंडर’ असेच म्हणतात. त्यानंतर नव्या यंत्रावर आज्ञावली बसवून परवाना पुन्हा सक्रिय करावा, आणि सर्वांत शेवटी माहिती परत घालून ती उघडते की नाही हे पाहावे. जुने यंत्र मोडीत काढण्याची घाई या चौथ्या पायरीपूर्वी करू नये. बहुतेकांची चूक क्रमाची असते : यंत्र आधी जाते, परवाना परत करण्याची आठवण मागाहून होते.

जुने यंत्र अकस्मात बंद पडल्यास परवाना परत करणे शक्यच नसते. अशा वेळी कंपनीच्या नोंदीतून जुने यंत्र वगळून घ्यावे लागते, आणि त्यासाठी खरेदीची पावती, अनुक्रमांक व नोंदणीचा ई-मेल पत्ता हे पुरावे लागतात. हा पत्ता दुकानदाराचा किंवा नोकरी सोडून गेलेल्या लिपिकाचा असेल, तर परवाना संस्थेचा असूनही तो सिद्ध करणे कठीण होते. तरंगत्या परवान्यात वापरकर्त्यांची यंत्रे कितीही बदलली तरी बिघडत नाही. मात्र मध्यवर्ती यंत्र बदलले तर त्याच्या ओळखक्रमांकावर आधारलेली परवान्याची फाइल नव्याने मागवावी लागते. संपूर्ण प्रयोगशाळेचे काम एका यंत्रापाशी अडते ते अशा वेळी.

अटी अपरिवर्तनीय असतात असेही नाही. २०१३ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१३ चा किरकोळ परवाना पहिल्या यंत्राशीच जखडून टाकला होता. ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनीने अट बदलली व नव्वद दिवसांतून एकदा स्थलांतराची मुभा दिली. यंत्रविद्येची कोणतीही अडचण त्या मनाईमागे नव्हती, हे यावरून स्पष्ट होते. बंधन होते ते कराराचे.

५. कायद्याची मर्यादा

एकाच धारकाने यंत्र बदलणे आणि परवाना दुसऱ्या धारकाला विकणे हे दोन निराळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नावर जगात एकवाक्यता नाही. यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी असा निर्णय दिला की, मोबदला घेऊन अमर्याद मुदतीचा परवाना दिला असेल तर ती विक्रीच होय, आणि पहिल्या ग्राहकाने आपली प्रत निरुपयोगी केल्यास त्याला परवाना पुढे विकता येतो. त्याआधी २०१० साली अमेरिकेतील नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क या खटल्यात उलट भूमिका घेतली होती : करारात परवाना म्हटले असून हस्तांतरणावर व वापरावर मोठे निर्बंध असतील, तर ग्राहक मालक नव्हे, आणि म्हणून त्याला पुनर्विक्रीचा हक्क नाही. व्यवहार एकच, पण तो विक्री की परवाना हे देशागणिक बदलते.

भारतीय कायद्याने वापरकर्त्याला काही निश्चित संरक्षण दिले आहे. ५२ व्या कलमानुसार प्रतीचा कायदेशीर धारक, ज्या प्रयोजनासाठी आज्ञावली पुरविली गेली त्यासाठी, तसेच नाश वा नुकसान यांपासून तात्पुरता बचाव म्हणून, नक्कल करू शकतो. तो प्रतिलिप्यधिकाराचा भंग नव्हे. मात्र ही बचावाची प्रत आहे, दुसऱ्या टेबलावर एकाच वेळी चालविण्याची नव्हे. अनधिकृत प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास ६३-ब कलमाखाली किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. वापर आर्थिक लाभासाठी वा व्यापाराच्या ओघात नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ६५-अ कलमाने, हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप मोडणे हाही गुन्हा ठरविला. ‘परवाना आमचाच, केवळ कुलूप अडले’ असे म्हणून बाजारातील ‘क्रॅक’ वापरणाऱ्याने आपली न्याय्य बाजू विनाकारण दुबळी करून घेऊ नये.

६. आज्ञावली कंपनीची, मजकूर आपला

या सर्व चर्चेत एक गोष्ट दृष्टीआड होण्याचा संभव असतो. परवाना असतो तो आज्ञावलीचा. आत साठविलेले हिशेब, प्रबंध, सारण्या या परवानाधारकाच्या स्वतःच्या असतात. तरीही आज्ञावली थांबली की त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही, आणि खरा धोका येथे आहे.

मराठी मुद्रणाच्या अलीकडच्या इतिहासात याचा प्रत्यय आला आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, पुण्याच्या सी-डॅकची आयएसएम इत्यादी प्रणालींनी मराठी अक्षरजुळणी सुकर केली, आणि त्यांचे हे ऋण मोठे आहे. तथापि प्रत्येक प्रणालीच्या टंकांची अक्षररचना वेगळी होती. एका प्रणालीत जुळविलेला मजकूर ती प्रणाली नसलेल्या यंत्रावर उघडला, तर देवनागरीऐवजी अर्थशून्य चिन्हांच्या रांगा दिसत. अशा स्थितीत परवाना जाणे म्हणजे स्वतः लिहिलेले वाचण्याची सोय जाणे होय. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच होता. तो व्यवहारात रुळल्यावर मजकूर टंकाच्या ताब्यातून सुटला. त्याला जोड मिळाली मुक्त परवान्याच्या टंकांची. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ आणि आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हे टंक एसआयएल मुक्त टंक-परवान्याखाली उपलब्ध आहेत. ते कितीही यंत्रांवर विनाशुल्क बसविता येतात. त्यांच्या बाबतीत स्थलांतराचा प्रश्नच उरत नाही.

सार्वजनिक संस्थांच्या दृष्टीनेही हा विचार मान्य झाला आहे. शासकीय कार्यालयांत मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण भारत सरकारने २०१५ मध्ये जाहीर केले, आणि शिक्षणक्षेत्रात आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ हा प्रकल्प महागड्या आज्ञावलींना मुक्त पर्याय उपलब्ध करून देण्याचे काम करीत आहे. म्हणून बंदिस्त आज्ञावली घेऊच नयेत असा निष्कर्ष काढणे युक्त होणार नाही. कित्येक विषयांत त्यांना तुल्यबळ पर्याय नाही, आणि विक्रीपश्चात सेवेचेही मूल्य असते. निवड करताना परवान्याच्या अटी किमतीइतक्याच काळजीने वाचाव्यात, एवढेच.

७. समारोप

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य नियम निष्पन्न होतात. खरेदीपूर्वी परवाना यंत्राशी, व्यक्तीशी की संस्थेशी बांधला आहे, आणि स्थलांतराची मुभा किती वेळा आहे, हे लेखी पाहावे. नोंदणी संस्थेच्या स्थायी पत्त्यावर करावी, व्यक्तीच्या नव्हे. प्रत्येक परवान्याचा अनुक्रमांक, पावती, बसविलेले यंत्र व मुदत यांची एक नोंदवही ठेवावी. जमिनीला जसा फेरफार, तशी परवान्याला ही वही. यंत्र बदलताना परवाना परत केल्याची नोंद तीत आधी व्हावी. आणि मजकूर व हिशेब यांची एक प्रत सदैव अशा स्वरूपात ठेवावी की, ती कोणत्याही विशिष्ट आज्ञावलीवाचून वाचता येईल.

वडगाव रासाईच्या काल्पनिक संस्थेतील तो चिटणीस अखेर काय करील? जुने यंत्र अद्याप चालू असेल, तर ते पुन्हा जोडून परवाना परत करील आणि तासाभरात नव्या यंत्रावर काम सुरू होईल. ते भंगारात गेले असेल, तर पावती शोधावी लागेल. सभासदांच्या ठेवींचा हिशेब वेळेवर मिळणे हे अशा वेळी त्या एका कागदाच्या चिटोऱ्यावर अवलंबून राहते.